सेबियोने सरकवलेला अक्रोड

समजा, एक कुरण रंगवायचं काम तुमच्यावर आलं आहे. उतार असा, की तीन पायांच्या स्टुलाचा एक पाय दगडावर, एक मातीत आणि तिसरा तुमच्या नशिबावर. मांडीवर रंगांची पेटी, पेटीच्या झाकणात अडकवलेला पुठ्ठा, डाव्या अंगठ्यात रंग कालवायची फळी. गोमाश्या मानेवर बसतात आणि त्यांना मारायला हात मोकळा नाही. पहिल्यांदा तुम्ही हिरवा रंग घेता, सगळेच घेतात, आणि पुठ्ठ्यावर उकडलेला पालक पसरतो. मग हळूहळू कळतं की कुरणात हिरवा असा फारसा नसतोच. पिवळी माती असते, थोडा निळा असतो, आणि ऊन चढलं की चक्क गुलाबी असतो. हे सगळं जमेपर्यंत ढग सरकतो आणि तुम्ही रंगवायला घेतलेलं ऊन पलीकडच्या खोऱ्यात निघून गेलेलं असतं. तरी तुम्ही बसून राहता. कारण कुरणाच्या माथ्यावर, दोन शिखरांच्या मध्ये एक खाच आहे, आणि दुपारी चारच्या सुमाराला त्या खाचेतल्या बर्फावर उजेड असा अडकून बसतो की त्यासाठी माणसाने जन्मभर गोमाश्या सोसाव्यात. आणि नेमकं त्या खाचेच्या पुढ्यात, चर्चमध्ये एखादा जाडजूड माणूस आपल्यासमोरच्या बाकावर येऊन बसावा तसं, अक्रोडाचं एक झाड उभं आहे.

काय कराल?

सरकवाल. खोटं बोलू नका. एउसेबियो रामेल्लानेही सरकवलं होतं.

सेबियोचा बाप कोस्ताफ्रेद्दा गावात लोकर रंगवायचा. त्याचे हात कोपरापर्यंत निळे होते आणि ते निळेच पुरले. त्याला दोन मुलगे. थोरला बातिस्ता गाई आणि कुरणाकडे गेला. धाकटा सेबियो रंगाच्या हौदाशी रमला. हौदातली नीळ तयार झाली की नाही हे तो नुसत्या वासावरून सांगायचा. त्याचं नाक असं वाया जाऊ नये म्हणून गावच्या पाद्रीबाबांनी खटपट करून त्याला तुरिनच्या कलाशाळेत पाठवलं. तिथे नाकाचा काही उपयोग नव्हता. तिथे माणसं काढायची असत, आणि सेबियोला माणसं येत नव्हती. त्याने काढलेल्या हुतात्मा संताकडे पाहून बाण लागल्यापेक्षा अपचन झाल्याचा संशय जास्त यायचा. त्याचे देवदूत उडतील असं कुणालाच वाटत नसे, ते पडतील अशी मात्र भीती वाटे. शेवटी गुरुजी म्हणाले, "रामेल्ला, तू झाडं काढ. झाडांची आई येऊन भांडत नाही."

त्या दिवसांत तुरिनमधली तरुण चित्रकार मंडळी जुनी पडकी देवळं आणि त्यांत नाचणाऱ्या अप्सरा काढून कंटाळली होती. बाहेर पडायचं, उन्हात बसायचं आणि समोर आहे तेच काढायचं, अशी हवा होती. सेबियोने ही हवा छातीत भरून घेतली ती कायमची. "मी दिसतं तेच काढतो," तो म्हणायचा. "एक पान घालत नाही, एक पान काढत नाही." हे तो इतक्या वेळा म्हणाला की पुढे पुढे त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला.

गावात परतल्यावर मात्र त्याची पंचाईत झाली. कोरड्या हवेत छत्री उघडून गवतात बसलेला धडधाकट पुरुष कोस्ताफ्रेद्दाने पूर्वी पाहिला नव्हता. गवत कापायला जाणाऱ्या बायका लांबूनच ओरडायच्या, "सेबियो, पाऊस आला की आम्हालाही सांग हं!" गुराखी पाठीमागे येऊन उभे राहायचे.

"ही माझी बियांका ना रे?"

"हो."

"मग पाय तीनच कसे?"

"चौथा मागे आहे. इथून दिसत नाही."

"इथून मला दिसतोय."

"तुम्ही उभे आहात, काका."

"मग तूही उभा राहा की! गाईच्या एका पायासाठी उठायचा कंटाळा?"

सेबियोने एकदाच गावाला गप्प केलं. तुरिनच्या एका वर्तमानपत्रात त्याच्याबद्दल चार ओळी छापून आल्या: रामेल्ला यांच्या चित्रातले दगड मोजून घ्यावेत, त्यावरून वाट चुकलेला प्रवासी घरी पोचेल. हे कात्रण त्याने टोपीच्या अस्तरात शिवून टाकलं आणि एका बाजूने उसवून ठेवलं, म्हणजे काढता यावं. खानावळीत पहिला पेला संपला की टोपी निघायची. खानावळवाल्या पिन्याला त्या चारही ओळी पाठ होत्या. सेबियोने घाईत एखादा शब्द गाळला तर पिन्या गल्ल्यावरून ओरडून दुरुस्त करायचा.

ज्या चित्राबद्दल या ओळी होत्या ते म्हणजे 'झऱ्याचं कुरण'. रुंदीला एक पुरुष आणि वर हातभर. तुरिनहून ते कुणी न घेता परत आलं तेव्हा नव्या चौकटीसकट सेबियोच्या दारातून आत जाईना. म्हणून त्याने मोठ्या मनाने ते गावाला भेट दिलं. गावसभेच्या खोलीत, मेयरच्या खुर्चीमागे ते टांगलं गेलं. चौकटीला पितळी पट्टी होती: निसर्गातून, जसं आहे तसं. ए. रामेल्ला, १८६४.

चित्रात वरती खाच, खाचेत उजेड. खाली झरा आणि झऱ्यावर बातिस्ताने बांधलेली दगडी झोपडी. झोपडीच्या डाव्या हाताला अक्रोडाचं झाड, ऐसपैस, जसं काही तिथेच उगवलं असावं.

तीन वर्षांनी वसंतात डोंगराची एक कड ढासळली. चिखलाचा लोंढा आला आणि खरा अक्रोड मुळासकट नदीत गेला. झोपडी वाचली, झरा आठवड्याने पुन्हा वाहू लागला. अक्रोडाची जागा दगडगोट्यांनी अशी बुजली की तिथे कधी झाड होतं हेच कळू नये. कुणी फार दुःख केलं नाही. अक्रोड कडू होते.

मग बातिस्ता छातीच्या दुखण्याने गेला. त्याला दोन वर्षं होतात न होतात तोच, १८७२ च्या उन्हाळ्यात, त्याची बायको मेनिका तांब्याची बादली हातात घेऊन सेबियोच्या दारात आली. ती बसली नाही. बसली असती तर गोष्ट एवढी गंभीर नाही असं सेबियोला वाटलं असतं.

"भावजी, जास्पारे म्हणतो झरा त्याचा."

जास्पारे त्रोम्पेत्तो म्हणजे गिरणीवाला. डोंगराकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडचं कुरण मेनिकाचं, उजवीकडचं जास्पारेचं.

"म्हणू दे," सेबियो म्हणाला. "तो म्हणतो त्याची बायको गाते."

"दावा लावलाय त्याने. जुन्या दस्तात हद्द लिहिलीय, अक्रोडापासून वर क्रुसाच्या खडकापर्यंत. एवढंच. आणि तो म्हणतो अक्रोड झऱ्याच्या डावीकडे होता. म्हणजे झरा उजवीकडे गेला, त्याच्यात."

"खोटं आहे! अक्रोड उजवीकडे होता!"

"तुमच्या चित्रात डावीकडे आहे."

सेबियोने रंगाचं भांडं खाली ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं.

"झरा गेला की झोपडी गेली," मेनिका म्हणाली. "दूध कुठे गार ठेवू? चीज कुठे लावू? दोन गाई विकून पन्नासाव्या वर्षी लोकरीच्या कारखान्यात उभी राहू? सोमवारी जज्ज येतोय. तुम्ही काढलंय, तुम्हीच निस्तरा."

निस्तरायचं म्हणजे एकच वाक्य बोलायचं होतं: मी झाड सरकवलं. पण ते वाक्य सेबियोच्या घशात माशाच्या काट्यासारखं आडवं बसलं. त्याच शरदात तुरिनच्या प्रदर्शनात त्याची चार चित्रं एका भिंतीवर लागायची होती. जज्जाचा कारकून वर्तमानपत्राला खोऱ्यातल्या बातम्या पाठवतो हे सगळ्यांना माहीत होतं. आणि टोपीत ते कात्रण होतं. माणसाने वीस वर्षं एकच गोष्ट सांगितलेली असावी आणि ती परत घ्यायची वेळ भर सभेत यावी! मोसंबी पिळल्यासारखं तोंड करून तो रविवारभर घरात फिरला.

गावाकडून मदतीची आशा नव्हती. अक्रोड कुठे होता हे सगळ्यांना अगदी नीट आठवत होतं. ज्यांचा मका जास्पारे वेळेवर दळून द्यायचा त्यांना तो डावीकडे आठवत होता. ज्यांना तो तिष्ठत ठेवायचा त्यांना उजवीकडे. पाद्रीबाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले की आपण नेहमी आकाशाकडे बघत चालतो.

सोमवारी जज्ज मोरेस्को खेचरावर बसून आला. सहा तास खेचरावर बसलेला माणूस न्यायाच्या बाबतीत लवकर निकालाच्या बाजूचा असतो. गावसभेच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती.

"साक्षीदार?" जज्जाने विचारलं.

"माझा साक्षीदार तुमच्या मागे टांगलाय, साहेब," जास्पारे म्हणाला. "जेवत नाही, पीत नाही, माझं पीठही खात नाही. आठ वर्षं तोंड फिरवलेलं नाही त्याने."

जज्जाने वळून चित्र पाहिलं, पितळी पट्टी मोठ्याने वाचली आणि सेबियोला पुढे बोलावलं.

"हे आपण काढलं?"

"हो, साहेब."

"जसं आहे तसं?"

सेबियोने मेनिकाकडे पाहिलं. मग कारकुनाच्या टाकाकडे पाहिलं. आणि त्याने ते केलं जे अडचणीत सापडलेला प्रत्येक चित्रकार करतो. तो दृष्टिकोनाबद्दल बोलू लागला.

"म्हणजे असं बघा, साहेब. ही काठी अक्रोड समजा. ही टोपी झरा. आता मी इथे बसलो, तर टोपी काठीच्या उजवीकडे. पण तेच मी इकडे सरकलो, तर..."

"म्हणजे तुम्ही इकडे बसलात तर झरा बाईंचा, आणि तिकडे बसलात तर गिरणीवाल्याचा?"

खोली हसली. मेनिका हसली नाही.

"मग सोपं आहे," जास्पारे म्हणाला. "हा जिथे बसला होता तिथेच जाऊन बघू. सेबियोचा खडक कुणाला ठाऊक नाही?"

ठाऊक होता. संध्याकाळी फळीवर उरलेला रंग सेबियो सुरीने खरवडून शेजारच्या खडकाला पुसायचा. इतक्या वर्षांत त्या खडकावर बोटभर जाड, रंगीबेरंगी साल चढली होती. त्यात शिसं असतं म्हणून गुराखी बकऱ्यांना त्या बाजूला फिरकू देत नसत. असा खडक अख्ख्या खोऱ्यात एकच.

चित्र भिंतीवरून उतरवलं. चार जणांनी ते खांद्यावर घेतलं आणि सगळे कुरणाकडे निघाले. आता आमच्याकडे खांद्यावरून मिरवत नेतात ते फक्त संतांना, वर्षातून एकदा. त्यामुळे दुसऱ्या वळणावर मागच्या बायकांनी सवयीने संतांची नावमाळ सुरू केली. 'आमच्यासाठी प्रार्थना कर' असं म्हणत सगळे चढू लागले, आणि पाद्रीबाबांनीही ठेका धरला. तिसऱ्या वळणावर त्यांच्या लक्षात आलं आणि ते खाकरले.

खडकापाशी चित्र उभं धरलं. जज्ज सेबियोने सवयीने आणलेल्या स्टुलावर बसला, एक डोळा मिटून त्याने आधी चित्र पाहिलं, मग डोंगर पाहिला, मग चित्र.

शिखरं जुळली. खाच जुळली. क्रुसाचा खडक जुळला, त्याच्यावरची भेगसुद्धा. झोपडीच्या छपरावरचे पातळ दगड कारकुनाने मोजले: चित्रात एकतीस, छपरावर एकतीस. लोकांच्या तोंडून कौतुकाचे उद्गार निघाले. सेबियोचं इतकं कौतुक गावाने आजवर कधी केलं नव्हतं, आणि प्रत्येक शाबासकीबरोबर मेनिकाचा झरा वीतभर उजवीकडे सरकत होता.

"ज्या माणसाने छपराचे दगड मोजून काढले," जज्ज म्हणाला, "त्याचं एवढं मोठं झाड चुकेल असं म्हणणं अवघड आहे."

 मेनिकाने बादली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ती रिकामी होती, तरी जड असल्यासारखी घेतली. ते सेबियोला पाहवलं नाही.

"सरकवला!" तो ओरडला. "मी सरकवला! उजवीकडे होता, डावीकडे नेला. खाचेच्या आड येत होता साला!"

 सेबियोला वाटलं आता दगड पडणार. तो डोळे मिटून उभा राहिला.

"बघा," कुणीतरी हळूच म्हणालं, "वहिनीसाठी किती बोलतो बिचारा."

"नाव बुडवायला निघालाय स्वतःचं."

"बातिस्ताचं रक्त आहे शेवटी."

"अहो, खरंच सरकवला!" सेबियो म्हणाला. "देवाशपथ!"

"सेबियो, शपथ नको घेऊस," पाद्रीबाबा डोळे पुसत म्हणाले. "तुझं मन देवाला कळलंय."

"मी खोटारडा आहे!"

"किती मोठं मन," एक म्हातारी म्हणाली.

जास्पारेने तर टोपी काढली. "साहेब, या माणसाबद्दल मला आदर आहे. पण हा वीस वर्षं सांगत आलाय की एक पान घालत नाही, एक पान काढत नाही. पिन्या, ते कात्रण म्हण रे." आणि पिन्याने हात मागे बांधून, शाळेत कविता म्हणावी तशा त्या चार ओळी एक शब्द न गाळता म्हणून दाखवल्या. वाट चुकलेला प्रवासी घरी पोचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आयुष्यात पहिल्यांदाच सेबियो आपल्या चित्राबद्दल खरं बोलत होता आणि एकही माणूस विश्वास ठेवायला तयार नव्हता. आपण लबाड आहोत हे सिद्ध कसं करायचं? प्रामाणिकपणा सिद्ध करायला निदान दाखले मिळतात.

मेनिकाच्याच डोक्यात आलं. "भावजी, ते लहान पुठ्ठे कुठेत? इथे बसून काढायचात ते? मोठं चित्र तर तुम्ही घरी हिवाळ्यात केलंत. मी जेवायला पोलेंता घेऊन यायची ना!"

सेबियोचा चेहरा उजळला. पुठ्ठे! जागेवर, उन्हात, गोमाश्या खात केलेले पुठ्ठे! त्यांत झाड जिथलं तिथेच असणार. तो उतारावरून असा सुटला की काखेतली छत्री मागे उडत गेली. अर्ध्या तासाने तो धापा टाकत परत आला तेव्हा छातीशी दोरीने बांधलेला गठ्ठा होता. पुठ्ठे सात होते. ते त्याने गवतावर ओळीने मांडले आणि विजयाने बाजूला झाला. आठ वर्षांत त्याने ते एकदाही सोडून पाहिले नव्हते.

जज्ज वाकला. एकेक पुठ्ठा उचलून पुढून बघायचा, उलटून मागचं वाचायचा आणि कारकुनाला सांगायचा.

"अकरा जुलै. जसं दिसलं तसं. अक्रोड उजवीकडे."

मेनिकाने छातीवर क्रूस केला.

"अकरा जुलै. जसं दिसलं तसं. अक्रोड डावीकडे." जज्जाने चष्म्यावरून पाहिलं. "बारा जुलै. जसं दिसलं तसं. अक्रोड डावीकडे. तेरा जुलै, उजवीकडे. चौदा, जसं दिसलं तसं..." तो थांबला. "अक्रोड दोन."

"ते मी कुठला बरा दिसतो ते बघत होतो," सेबियो पुटपुटला.

"सोळा जुलै. जसं दिसलं तसं. अक्रोड नाही. आणि हे शेवटचं... हा काय आहे, अक्रोड?"

"ती गाय आहे."

"गाय कुठल्या बाजूची, ते मी विचारत नाही. अकरा तारखेचे दोन आहेत. त्यातला आधीचा कुठला?"

सेबियोने दोन्ही पुठ्ठे हातात घेतले. एका पुठ्ठ्यावर सावली थोडी लांब होती. पण दुसऱ्यावर ऊन जास्त पिवळं होतं. त्याने ते जवळ धरले, लांब धरले. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तारखा मी नंतर घातल्या, साहेब. प्रदर्शनाला पाठवताना. सगळ्या एकदम बसून."

"आणि 'जसं दिसलं तसं'?"

"तेही."

आता मात्र गाव हसलं. आधी बायका, मग गुराखी, मग चित्र धरून उभे असलेले चौघे, इतके की चित्र हलू लागलं आणि खऱ्या डोंगरावरची शिखरं सोडून बाकी सगळं डोलायला लागलं. पाद्रीबाबांनी पाठ फिरवली, पण त्यांचे खांदे उडत होते. लबाडी सिद्ध झाली होती. पुराव्यांची संख्या गरजेपेक्षा पाचने जास्त होती.

जज्जाने घड्याळ पाहिलं आणि तिथेच स्टुलावर बसून निकाल सांगितला. चित्रकार रामेल्ला यांचं चित्र, त्यांचे पुठ्ठे आणि त्यांचा शब्द, या तिन्हींवर कुणीही, कुठल्याही बाजूने विसंबू नये. ते वगळता गिरणीवाल्याकडे पुरावा उरत नाही. तेव्हा झरा आजवर जो वापरत आला त्याचाच, म्हणजे बाईंचा.

"मग आठ वर्षं मी सभेत ज्याच्याखाली बसून हात वर केले ते काय होतं?" जास्पारे भडकला.

"सजावट," जज्ज म्हणाला आणि खेचराकडे निघाला.

बातमी अर्थातच छापून आली, त्याच वर्तमानपत्रात. सेबियोने ते पान टोपीत शिवलं नाही. पण पिन्याने ते पाठ केलं. तुरिनच्या प्रदर्शनात मात्र उलटंच झालं. सेबियोच्या चार चित्रांपुढे कधी नव्हे ती गर्दी जमली. याने आणखी काय काय सरकवलंय, ते शोधायला लोक बोटं दाखवत उभे राहायचे. एका बाईंनी तर शपथेवर सांगितलं की त्या तळ्याशी त्या लहानपणी राहिल्या होत्या आणि तिथे तळंच नव्हतं. सेबियोला हे फार लागलं, कारण ते तळं खरं होतं.

पण त्याला खाऊ लागलं होतं ते वेगळंच. दावा जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशीपासून तो रोज कुरणात जायचा, खडकावर बसायचा आणि डोळे मिटायचा. डोळे मिटले की अक्रोड दिसायचा. स्पष्ट, फांदी न फांदी, पानामागची फिकट बाजूसुद्धा. आणि दिसायचा तो डावीकडे. आपणच रंगवलेला आहे तो, सेबियो स्वतःला बजावायचा. वीस वेळा तिथे काढलाय, म्हणून तिथे दिसतो. मग तो उजवीकडचा आठवायला बसे, तर तोही यायचा, पण थोडा पातळ, पुठ्ठ्याचा पांढरा खालून दिसावा तसा. खाचेच्या आड नक्की काहीतरी येत होतं. पण झाड डावीकडे असतं तरी खडकापाशी दोन पावलं इकडे सरकून बसलं की खाच झाकली गेलीच असती, आणि तो एकाच जागी कधी बसला होता? सूर्य सरकला की छत्री सरकायची, छत्री सरकली की स्टूल.

म्हणजे जास्पारे कदाचित खरं बोलत होता. म्हणजे झरा कदाचित...

सप्टेंबरात एका दुपारी तो झोपडीत गेला. मेनिका साच्यातल्या चीजवर दगड ठेवत होती.

"वहिनी, एक विचारू?"

"विचारा. तो पाट पुढे करा आधी."

त्याने पाट पुढे केला. "तो अक्रोड. बातिस्ता त्याला गाय बांधायचा ना?"

"बांधायचा."

"कुठल्या बाजूला होता हो?"

मेनिकाने दगड नीट बसला का ते दाबून पाहिलं. "निकाल लागला की, भावजी."

"निकाल लागला. मला माझ्यासाठी हवंय."

"मला एवढंच आठवतं," ती म्हणाली, "की सकाळी त्याची सावली या झोपडीवर पडायची. दूध छान गार राहायचं."

सेबियोने मनातल्या मनात उजवा हात पूर्वेकडे केला. सकाळी सूर्य उजवीकडून. सावली डावीकडे पडणार. झोपडीवर सावली, म्हणजे झाड उजवीकडे! त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्याला वहिनीच्या पाया पडावंसं वाटलं.

"आणि संध्याकाळीही पडायची," मेनिका म्हणाली.

"काय?"

"सावली. झोपडीवर."

"सकाळीही आणि संध्याकाळीही?"

"मोठं झाड होतं, भावजी."

तिने बादली उचलली आणि ती झऱ्याकडे गेली. पाणी बादलीत पडल्याचा आवाज आला. सेबियो दारात उभा राहिला. समोर दगडगोटे होते, त्यांच्यावर उगवलेलं कोवळं गवत होतं, आणि डावीकडून उजवीकडे सगळीकडे एकसारखंच, गुलाबी छटेचं ऊन पसरलं होतं.

"वहिनी," त्याने हाक मारली, "माझ्या गळ्याची शपथ, चेष्टा नको. तो होता कुठे?"